हाफ इंजिन आणि लग्नातली साडी

सुखदेवभाऊंची जीप ढकलतच गॅरेजात आली. डिपस्टिक ओढली, तर ऑइल दुधाच्या चहासारखं, म्हणजे त्यात पाणी मिसळलेलं. इंजिन खोललं. ब्लॉकलाच तडा.

भाऊ चामोर्शीकडच्या एका खेड्यातले. गावात चारचाकी ही एकच, आणि घरात सुनेचे दिवस भरत आलेले.

"मिस्त्रीभाऊ, कोनतंबी इंजिन टाका, पन पोरगी दवाखान्यात पोचली पायजे."

ब्लॉक म्हणजे इंजिनाचं धड, पिस्टन त्यातच पळतात. हेड म्हणजे डोकं. रिकामा ब्लॉक मिळतो, पण आतलं सगळं मापात बसवावं लागतं, आणि मला तर माझा चष्माही बायको शोधून देते. फुल इंजिन म्हणजे धड-डोकं तयार. नवं परवडेना, आणि दुसऱ्या गाडीतून काढलेल्यानं आधी काय सोसलंय ते कोण सांगणार? म्हणून हाफ इंजिन घेतलं: ब्लॉक, क्रँक, पिस्टन जुळवलेले, हेड आपलंच. ते तापून वाकलं होतं. चंद्रपूरला घासून सपाट करून, तपासून आणलं. इंजिननंबर ब्लॉकवर असतो, म्हणून आरटीओचा अर्जही भाऊंच्या हाती दिला.

इंजिन पहिल्या सेल्फला सुरू झालं. मी मिशीवरून हात फिरवला आणि चहाला गेलो. परत आलो तर भाऊ आणि त्यांची बायको शांताबाई जीपमध्ये बसलेले. ट्रायलला निघालो. गावाबाहेर जाताच टेम्परेचरचा काटा चढायला लागला. मी मनात वॉटरपंप बनवणाऱ्यापासून स्वतःच्या गुरूपर्यंत सगळ्यांना दोष देऊन घेतला. मग उतरून पुढे पाहिलं. रेडिएटरवर दुहेरी घडीची, जरीकाठाची साडी ताणून बांधलेली.

आमच्याकडे मळणीला धान रस्त्यावर पसरतात, येणाऱ्याजाणाऱ्या गाड्यांच्या चाकांखाली ते मळून निघतं. तणस, म्हणजे धानाचा पेंढा, रेडिएटरात शिरू नये म्हणून गाडीपुढे कापड बांधायचं. तणस थांबते. वाराही थांबतो.

"पयलेची फाटली, फेकून देली," शांताबाई म्हणाल्या. "नव्या इंजिनाले फाटकं काऊन बांधाव? लग्नातली काढली."

भाषण माझ्या तोंडाशी आलं होतं. ते गिळलं. इंजिनाले वारा पायजे बाई, एवढंच म्हणालो.

त्या साडी सोडता सोडता थांबल्या. "मंग जुनं आमच्यानंच गेलं का?"

"जुनं जुनंच होतं, बाई."

हे खोटं नव्हतं. पूर्ण खरंही नव्हतं. मी मोठ्या भोकांची तारेची जाळी बसवून दिली आणि ती अधूनमधून झाडायला सांगितली.

काही दिवसांनी जीप दारात थांबली. मागच्या सीटला तीच साडी पडद्यासारखी लावलेली, आत सून आणि नातू, दवाखान्यातून घरी निघालेले. मी आधी काटा पाहिला, मग बाळ. माझ्या बायकोनं ते अजून माफ केलेलं नाही.

तर हाफ घ्या की फुल, जुनं कशानं गेलं ते कळल्याशिवाय नवं बसवू नका. आणि गाडीत बाळ असेल, तर काटा नंतर पाहा.