ताराबाई अंदमानला गेल्या तेव्हा

सुरतेतल्या आमच्या लिंबायतच्या ताराबाई कोळी लग्नाच्या स्वयंपाकात रोटल्या लाटायच्या. पातळ, टम्म फुगणाऱ्या. त्या खाऊनच सहली नेणाऱ्या मगनभाईने त्यांना अंदमानला चलता का म्हणून विचारलं. त्याचे प्रवासी सुरतचे, पक्के शाकाहारी. जातील तिथे त्यांना घरचंच जेवण लागायचं, म्हणून स्वयंपाकाची माणसं तो बरोबर न्यायचा. ताराबाईंनी समुद्र पाहिलेला जवळच्या डुमसचा, काळ्या वाळूचा. त्या लगेच हो म्हणाल्या.

बेटावरचं पाणी तळ दिसेल इतकं नितळ होतं. पण दुपारपर्यंत तिथल्या पांढऱ्या वाळूवर माव्याच्या पिचकाऱ्या पडू लागल्या. घरी गुजरातेत दारूबंदी, म्हणून इथे बाप्ये सकाळपासूनच बाटल्या उघडायचे. पाण्यावरच्या स्कूटरवर फेऱ्या मारून आले की किनाऱ्यावरच ओकायचे, त्यावर पायाने वाळू लोटायचे आणि पुन्हा प्यायला बसायचे. जेवणाच्या मांडवात कुणी ओकलं की ते ताराबाईंनी पुसायचं. एकाने तर जिवंत तारामासा उचलून आणला, फोटोसाठी नाश्त्याच्या ताटात ठेवला आणि तिथेच विसरला. संध्याकाळी तो ताटाला चिकटून मेलेला होता. ते ताट ताराबाईंनी दोनदा घासलं.

पुढे एका संध्याकाळी बेटावरच्या बायकांचं नाचगाणं ठेवलं होतं. त्यांच्यातल्या एका म्हातारीने पाहुण्यांसाठी घरून माशाचा रस्सा करून आणला. पाहुणे शाकाहारी आहेत हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. तिने झाकण काढताच तुषारशेठ नावाच्या साडीच्या व्यापाऱ्याने नाकाला रुमाल लावला आणि ओकारीचा आवाज काढला. लोक हसले. मग बाकीचेही तसेच आवाज काढू लागले. म्हातारी झाकण हातात धरून उभी राहिली. मगनभाईने पातेलं ताराबाईंकडे दिलं आणि समुद्रात ओतून यायला सांगितलं.

ताराबाई तापीकाठच्या कोळ्यांच्या. त्यांच्या घरी मासे शिजायचे, पण या कामात ते बोलायची सोय नव्हती. त्यांनी पातेलं स्वयंपाकघरामागे नेलं, म्हातारीला शेजारी बसवलं आणि दोघी रस्साभात जेवल्या. तुषारशेठची बायको पाणी मागायला आली होती, तिने ते पाहिलं.

मांडवात एकच गलका झाला. असल्या हातच्या रोटल्या आपण खातोय, असं म्हणत लोक उठले. मगनभाई धावत मागे आला.

"ताराबेन, खाल्लं नाही एवढंच सांगा. बाकी मी सांभाळतो."

ताराबाई हात धुऊन सगळ्यांसमोर गेल्या. "खाल्लं," त्या म्हणाल्या. "चांगलं होतं. तुमची ओकारी पुसते तेव्हा शिसारी येते. ह्याची नाही आली."

त्यानंतर त्यांच्या हातचं कुणी खाल्लं नाही. मगनभाई स्वतःच वेड्यावाकड्या रोटल्या लाटत बसला. ताराबाईंना समुद्रावर जायला वेळच वेळ मिळाला. त्या पाण्यात पाय सोडून बसल्या, पण लाटेबरोबर माव्याची प्लास्टिकं येऊन घोट्यांना चिकटायला लागली, तशा उठून खोलीत गेल्या.

मगनभाईने त्यांना पुन्हा बोलावलं नाही. आता त्या जवळच उधन्याला लूम कामगारांच्या खानावळीत भाकरी करतात. परवा मी विचारलं, बेट कसं होतं?

"पानी लई चांगलं व्हतं," त्या म्हणाल्या. "पन आपले लोक उतरले ना त्याच्यात."