गौरीचा नैवेद्य
हळदीच्या पानांचा वास आला की माझं डोकं अजून तापतं. एका वर्षी गौरीपूजनाला रजा मिळाली नव्हती. न्हावा शेव्याच्या ऑफिसातून सुटले ती जासईला ट्रकांत अडकले, पनवेलला पोचेपर्यंत दिवेलागण झाली. नवऱ्याने हळदीच्या पानांत पातोळ्या वाफवून ठेवल्या होत्या, अगदी सुबक. सासूबाईंनी ते ताट बाजूला सारलं होतं. "पुरुषाच्या हातचा निवद गवरीला चालत नाय. तू कर परत." नवरा मान खाली घालून उभा. "मग देवळात नैवेद्य कोण रांधतं?" म्हणत मी तेच ताट गौरीपुढे आपटलं. आता दरवर्षी पातोळ्या तोच करतो. सासूबाई शेजारणींना सांगतात, "सुनेनं केल्यात." आणि तो, स्वतःच वाफवलेली पातोळी खात, सगळ्यांदेखत मला म्हणतो, "मस्त झाल्यात हं!"