टँकरने आणलेली नदी

आमच्या तालुक्यात नदी स्वच्छ करण्याचे जेवढे प्रयत्न मी पाहिले, त्यांतला एकच पूर्ण यशस्वी झाला. तो एका दिवसापुरता आणि एका खोलीएवढ्या जागेत झाला.

गाव तिरोडा तालुक्यातलं. मी तेव्हा एका दैनिकाला तालुक्याच्या बातम्या पाठवत असे. गावाच्या वरच्या अंगाला उसना तांदळाची मिल होती. धान उकडून उरलेलं गरम, आंबूस पाणी मिल नाल्यात सोडे आणि तो नाला घाटाच्या जरा वर नदीला मिळे. पावसाळ्यात हे कुणाच्या लक्षात येत नसे. चैत्रात नदीची धार बारीक होई, मिलचं पाणी मात्र तेवढंच राही. घाटापाशी नदी काळी होई, वर फेस धरे आणि ऐन जेवणाच्या वेळी गावात वास येई.

घाटाखालचा डोह ढिवरांच्या मासेमारी संस्थेकडे होता. संस्थेची अध्यक्ष पन्नाशीची बाई होती. सलग दुसऱ्या उन्हाळ्यात डोहातले मासे पोटं वर करून तरंगले, तेव्हा तिने प्रदूषण खात्याकडे तक्रार केली. तक्रारीत जागा लिहिली होती, 'गावचा घाट'. तिथल्या पाण्याचा नमुना खराब निघाला, तर शुद्धीकरणाची टाकी बांधेपर्यंत मिलला पाणी सोडता येणार नव्हतं. चांगला निघाला, तर तक्रार निकालात निघणार होती आणि डोह मेलेलाच राहणार होता. बऱ्याच महिन्यांनी उत्तर आलं. अधिकारी चैत्रातल्या दशमीला येणार होते.

त्याच दशमीला जवाऱ्यांचं विसर्जन होतं. नवरात्रात टोपल्यांत पेरलेला गहू वीतभर वाढतो, बाया त्या टोपल्या डोक्यावर घेऊन नदीवर जातात. देवळात बैठक बसली तेव्हा गावातले एक वयस्क शेतकरी, सगळे त्यांना काका म्हणत, थेट बोलले.

"देवीमाय ह्या कार्‍या पान्यात उतरन का? तुमी तरी उतराल का?"

मिलचे मॅनेजर बैठकीला होते. ते म्हणाले, "काका, पानी हम साफ करवा देते हैं ना. टेन्शन कायको लेते?"

मिल काही दिवस बंद राहील असा सगळ्यांनी अर्थ घेतला. मिल बंद राहिली नाही. नवमीला मिलचे मजूर आले. त्यांनी तांदळाच्या रिकाम्या पोत्यांत रेती भरली आणि घाटाच्या पायऱ्यांसमोर, नदीच्या आतच, पोत्यांचा गोल बांध घातला. आतलं काळं पाणी मोटर लावून उपसलं आणि बांधाबाहेर, म्हणजे नदीतच, सोडलं. मग चोरखमारा तलावाच्या कालव्यावरून टँकर आला आणि गोल भरला. कुणीतरी तुरटी फिरवली. शेवटी बाजारातून आणलेले जिवंत रोहू आत सोडले.

अध्यक्षबाई काठावर उभी राहून हे पाहत होती.

"मासे कोनाचे व्हय?" तिने मॅनेजरला विचारलं.

"मार्केटचे."

"म्हंजे आमच्या नदीत आता इकतचे मासे. मंग मासोळीवालेबी बाजारातूनच आना ना!"

मी बातमी पाठवली. डेस्कवरून फोन आला. पूर्ण नदी स्वच्छ झाली की अर्धी, एवढंच त्यांना विचारायचं होतं. एक कोपरा, मी म्हणालो. दुसऱ्या दिवशी आतल्या पानावर मथळा होता, 'नदी झाली निर्मळ'.

दशमीला विसर्जन छान झालं. पाणी कमरेएवढं, तळ दिसत होता. बाया आपल्या टोपल्या बुडवत होत्या, रोहू घाबरून एका बाजूला गोळा झाले होते. पोत्यांच्या पलीकडून फेस वाहत होता आणि तिकडे कुणी बघत नव्हतं. बाया अजून घाटावरच होत्या, तेवढ्यात अधिकाऱ्यांची गाडी आली.

अधिकारी तरुण होते, पुण्याकडचे, बोलायला सौम्य. पायऱ्या उतरून त्यांनी आधी गोलाकडे पाहिलं, मग नदीकडे, मग हातातल्या फोनकडे.

"नमुना नोंदलेल्या जागेवरच घ्यावा लागतो," ते अध्यक्षबाईला म्हणाले. "ॲपमध्ये घाट नोंदलाय. हे बघा, त्या जागेवर उभं राहिलं की हिरवं येतं."

"पोत्याच्या त्या बाजूले हात घाला ना जी. तीच नदी हाय."

ते पोत्यांवरून पलीकडे गेले. फोन लाल झाला. परत आले. हिरवा.

"मला दिसतंय सगळं, बाई. पण ॲपला दिसत नाही."

"हे टँकरचं पानी हाय साहेब!"

"नदीच्या पात्रात आहे ना?"

गर्दीतून एक जण ओरडला, "फोडा मंग पोते!"

"हात लावू नोका," काका म्हणाले. "आत जवारे हायत."

कुणीच पोत्यांना हात लावला नाही. अध्यक्षबाईनेही नाही. तिची स्वतःची टोपली आत होती. अधिकाऱ्यांनी पिशवीतून रिकामी बाटली काढली. मॅनेजर त्यांच्यासाठी पोत्यावर रुमाल अंथरत होते.

अध्यक्षबाई गेली ती पोत्यांच्या पलीकडे. पितळेचा लोटा काळ्या धारेत बुडवून ती पायरीवर परत आली. दुसऱ्या हातात जवाऱ्याच्या दोन काड्या होत्या. तिने एक काडी अधिकाऱ्यांच्या कानामागे खोचली. त्यांना तो प्रसाद वाटला. त्यांनी हात जोडले. तिने दुसरी काडी त्यांच्या हातात दिली आणि आपला कान पुढे केला. त्यांनी तीही खोचली.

बायांनी एकदम टाळ्या वाजवल्या.

"काय झालं?" अधिकाऱ्यांनी मला विचारलं.

उत्तर काकांनी दिलं. "इच्या माहेरी, छत्तीसगडकडे, अशी रीत हाय साहेब. कानात जवारे खोचले का मैतर झाले. जन्माचे. आता तुमी इचे जवारा, थे तुमची जवारा. एकमेकाचं नाव घेता येत नाई. आन् एका लोट्यातलं पानी प्या लागते."

अध्यक्षबाईने लोटा पुढे केला. अधिकाऱ्यांनी आत पाहिलं. आत पाण्यावर फेस होता.

"हे पाणी नाही पिता येणार."

"काऊन? मॅनेजरसाहेब म्हन्ते नदी साफ झाली. पेपरातबी आलं."

सगळे मॅनेजरांकडे बघू लागले. ते म्हणाले, "हाँ, मतलब, साफ तो है." मग जरा थांबून, "पर ये पानी तो..." आणि वाक्य तिथेच सोडलं.

"पेवा मंग जवारा," अध्यक्षबाई म्हणाली. "पयले तुमी, मंग मी. मी तर पेतोच."

तिने लोटा स्वतःच्या तोंडाकडे नेला. अधिकाऱ्यांनी तिचं मनगट धरलं.

"थांबा," ते म्हणाले. "तपासल्याशिवाय मी हे पाणी पिणार नाही. तुम्हीही प्यायचं नाही."

आणि त्यांनी बाटली उघडली. लोट्यातलं पाणी तिच्यात ओतलं, झाकण लावलं, लाखेने सील केलं. घाटाच्या पायरीवर उभं राहून बाटलीचा फोटो काढला. फोन हिरवा होता.

"साहब, ये तो लोटे का सैंपल है," मॅनेजर म्हणाले.

"लोटा घाटावर आहे," अधिकारी म्हणाले. "पाणी कुठून भरलं ते मी पाहिलंय, तुम्हीही पाहिलंय. तसं लिहून घेऊ?"

मॅनेजरांनी लिहून दिलं नाही. पोत्यावरचा रुमाल उचलून खिशात घातला.

"मंग मैत्रीचं काय?" काकांनी विचारलं.

"तपासणी होईपर्यंत प्रलंबित," अधिकारी म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावर हसू नव्हतं.

निकालाच्या दिवशी मी खात्याच्या कार्यालयात होतो. अध्यक्षबाई आधीच येऊन दारात उभी होती. आत सोडायला शिपाई तयार नव्हता.

"कोणाला भेटायचं?"

"तरन्या साहेबाले."

"चार साहेब आहेत. नाव सांगा."

"नाव घेता येत नाई."

शिपायाने तिच्याकडे नीट पाहिलं. मग आत जाऊन त्या तरुण अधिकाऱ्यांना त्याने हळूच सांगितलं, साहेब, घरून आल्यात. तुमचं नाव घ्यायला तयार नाहीत. अधिकारी अविवाहित होते. ते धावतच बाहेर आले.

अहवाल त्यांनी उभ्यानेच वाचून दाखवला. पाणी पिण्यालायक नाही, मासे जगण्यालायकही नाही. मिलने टाकी बांधून ती तपासली जाईपर्यंत नाल्यात थेंबही सोडू नये. वाचताना त्यांचा आवाज माफी मागितल्यासारखा होता, जणू न प्यायलेल्या त्या लोट्याचं कारण ते तिला देत होते.

अध्यक्षबाईने आदेशाची प्रत हातात घेतली, मागून-पुढून पाहिली आणि विचारलं, "हे मिलवाल्याले वाचता येते ना जी?"

त्याला वाचता आलं. पण त्यासाठी अधिकाऱ्यांना आणखी दोनदा गावात यावं लागलं. दोन्ही वेळा अध्यक्षबाईने त्यांना घरी नेऊन जेवू घातलं. दुसऱ्या खेपेला नाल्याचं तोंड बंद झालेलं होतं आणि मिलच्या मागे टाकीसाठी खड्डा खणणं चालू होतं. डोहातलं पाणी अजून काळंच होतं. संस्थेच्या माणसांनी त्याच्या काठावर बसून जाळी दुरुस्त करायला घेतली होती.