खंडेनवमीला बंद केलेला सर्व्हर

म्हाळसा ही कवठे येमाई गावची. आजोबांपर्यंत घरात मेंढरं होती, वडलांपासून कांदा. शिरूरला कॉम्प्युटरचा कोर्स करून २००३च्या सुमारास ती रांजणगावला आमच्या कंपनीत टेंपररी म्हणून लागली. मी डिस्पॅचला होतो. तिच्या सर्व्हरमधून चलन निघालं तरच माझा ट्रक गेटबाहेर पडायचा, म्हणून तिच्या कामाशी माझा संबंध. बाकी कॉम्प्युटरचा मला मुळीच सोस नाही.

साहेबांच्या मागे लागून तिनं सर्व्हरला दोन डिस्क बसवून घेतल्या. एकीवर जे लिहिलं जाईल ते तसंच्या तसं दुसरीवर. "एक गेली तरी काम थांबणार न्हाई सर," असं तिनं छातीठोकपणे सांगितलं. साहेब खूश झाले. दिवाळीला हिला पर्मनंट करू, असं ते माझ्यासमोरच म्हणाले.

तो सर्व्हर वर्षभर बंद व्हायचा नाही. अपवाद फक्त खंडेनवमीचा. त्या दिवशी यंत्राला विश्रांती द्यायची, हळदकुंकू वाहायचं, झेंडूची माळ घालायची. मग ते लेथ असो नाहीतर कॉम्प्युटर. ऑफिसातल्या पूजेचा मान शिपाई सर्जेरावमामांचा. म्हाळसाने दाखवलं तसा त्यांनी सर्व्हर बंद केला, नारळ फोडला, पेढे वाटले. दुसऱ्या दिवशी दसऱ्याची सुट्टी.

सुट्टीनंतर सर्व्हर सुरूच होईना. काळ्या पडद्यावर नुसती एक पांढरी रेघ लुकलुकत होती. गेटवर ट्रक खोळंबले, ड्रायव्हर माझ्या नावानं शिमगा करू लागले. साहेब आले ते थेट मामांवर घसरले. "तुमच्या त्या पूजेचं पाणी गेलं असणार आत. घरी बसा आता, उद्यापासून येऊ नका."

मामांचं तोंड एवढंसं झालं. "सायब, थेंबभर पानी बी आत जाऊ दिलं न्हाई म्या," एवढंच ते म्हणाले आणि जिन्यात जाऊन बसले.

म्हाळसाने डिस्कऐवजी सीडीवरून मशीन चालू केलं आणि तपासायला घेतलं. थोड्या वेळानं तिनं मला हळूच सांगितलं ते असं. पहिली डिस्क पावसाळ्यातच मेली होती. दुसरीवर काम चालत राहिलं, म्हणून कुणाला पत्ता लागला नाही. पण मशीन चालू करताना आधी एक छोटा प्रोग्रॅम जागा होतो आणि तो बाकीच्यांना उठवतो. त्याला बूट लोडर म्हणतात. तो तिनं फक्त पहिल्या डिस्कवर टाकला होता. दुसरीवर सगळं शाबूत होतं, पण उठवणारं कुणी नव्हतं. एरवी मशीन बंदच होत नसल्यामुळे ही चूक खंडेनवमीपर्यंत झाकून राहिली.

हे कळण्याइतकं डोकं आमच्यात दुसऱ्या कुणाला नव्हतं. मी म्हणालो, "तो लोडर टाक आणि गप्प बस." सल्ला व्यवहाराचा होता, आजही मी तोच देईन.

तिनं दुसऱ्या डिस्कवर लोडर टाकला. मशीन सुरू झालं, ट्रक गेले. मग ती साहेबांच्या केबिनमध्ये गेली. दार उघडंच होतं.

"सर, मामांचा काही दोष न्हाई. लोडर दोन्हीकडं टाकायला पायजे होता, मी एकीकडंच टाकला. डिस्क मेलेली बी मी बघितली न्हाई."

मामा कामावर राहिले. नवी डिस्क आल्यावर तिनं दोन्हींवर लोडर टाकला, आणि आळीपाळीनं एकेकीची वायर काढून मशीन सुरू होतं का ते साहेबांना दाखवलं. साहेबांनी मान डोलावली. दिवाळीला पर्मनंटचं पत्र मात्र अकाउंट्समधल्या शीतलला मिळालं.

मला म्हाळसाचा संतापच आला. कंपनीच्या बसमध्ये मी तिला म्हणालो, "चार दिवसांनी राग उतरला की साहेबांनी मामांना परत बोलावलंच असतं. तुला कुणी सांगितलं होतं हे नसते उद्योग करायला?"

"आन् नसतं बोलावलं तर?" ती म्हणाली. "मामांच्या जागी दुसरा कुणीतरी रोज माझ्या टेबलावर चहा ठेवून गेला असता. तो माझ्या घशाखाली कसा उतरला असता?"