पाठीतली सुई आणि जालना गाडी

माझा नवरा एसटीत कंडक्टर. लग्नाच्या पंगतीतसुद्धा हा "पुढं सरका, पुढं सरका" करणार. मला लाज वाटायची. पण त्या सकाळी दवाखान्यात मला त्याचा असा अभिमान वाटला म्हणता!

आमची पोरगी सात वर्षांची, तिला रक्ताचा कॅन्सर. मधून मधून तिच्या पाठीच्या मणक्यात सुई घालून औषध सोडायचे. मागच्या खेपेला ती हलली, सुई चुकली, पुन्हा टोचावं लागलं. तेव्हा तिचे पाय दाबून धरायला बापालाच लावलं होतं. तेव्हापासून ती त्याला जवळच येऊ देईना. माणूस नुसता सुकून गेला.

या खेपेला तो ड्यूटीच्या खाकीतच आला. खिशातून सुतळी काढली, एक टोक स्वतःच्या मनगटाला बांधलं, दुसरं लांबूनच तिच्या हातात दिलं.

"मास्तर, आज गाडी तुमची. जलद जालना. तुम्ही घंटी दिल्याबगर हलायची नाय."

मी कपाळाला हात लावला, पण पोरीचे डोळे चमकले!

डॉक्टरबाईही हौशी निघाल्या. "ठीक आहे मास्तर, दोरी दोनदा ओढलीस की मी थांबेन."

"ओ मॅडम!" पोरगी उखडलीच. "दोनदा वाजली की गाडी निघती. थांबायला एकदाच!"

बाईंनी निमूटपणे चूक मान्य केली. पोरगी कुशीवर वळली, गुडघे पोटाशी घेतले आणि दोरी दोनदा ओढली.

"टिंग टिंग! चला, चिकलठाणा!" बाप ओरडला.

गार औषधाचा बोळा पाठीवर फिरला. बधिर करायची बारीक सुई पुढं आली, तशी दोरी एकदा हिसकली. बाई खरोखर थांबल्या! इतक्या दिवसांत पहिल्यांदाच तिच्या म्हणण्यावर तिथं कुणी थांबलं होतं. पोरीनं दम घेतला आणि आपण होऊन दोन घंट्या दिल्या. मला तर नाचावंसं वाटलं.

मग मीही गाडीत चढले. "मास्तर, शेंद्र्याला उतरायचंय."

"जलद गाडी हाय. करमाडला उतरा," पोरीनं मला बजावलं.

सिस्टर खुदकन हसली. तेवढ्यात मोठी सुई आत गेली आणि नवऱ्याचा आवाजच बसला. त्याला पुढचं गाव उच्चारता येईना. पोरीची बोटं सुतळीवर पांढरी पडली. आता हलते की काय, असं मला वाटलं.

"करमाड!" मान खाली तशीच ठेवून तीच ओरडली. "करमाडवाले, उतरा लौकर!"

बदनापूरही तिनंच पुकारलं. जालना आलं तेव्हा औषध आत गेलं होतं, सुई बाहेर आली होती, आणि पोरगी तसूभर हलली नव्हती. बाई टाळ्या वाजवायला लागल्या, मी वाजवायला लागले. नवरा मात्र पलंगाशी खाली बसून हुंदके देत होता.

पोरीनं पडल्या पडल्या हात लांबवला आणि त्याचं डोकं आपल्याकडं ओढलं.

"पप्पा, दुखलं का तुमाला?" तिनं विचारलं.