हमीदभाईंनी ऐकवलेलं चिली

हमीदभाईंची पहिली भेट शारजाच्या औद्योगिक क्षेत्रात, त्यांच्या बोटींच्या पंपांच्या वर्कशॉपमध्ये झाली. रास अल खैमाच्या टाइल कारखान्यातून मी गेलो होतो तो पंपासाठी नव्हे, स्पॅनिशसाठी. माझा मुलगा चिलीत स्थायिक झालेला, सून तिथलीच आणि चार वर्षांची नात एमिलिया फक्त स्पॅनिश बोलणारी. तिच्यासाठी मी वर्षभर मोबाइलवर घोकंपट्टी केली. मग व्हिडिओ कॉलवर अक्षर न् अक्षर ठणठणीत उच्चारून तिची विचारपूस केली, तर पोरगी आईमागे लपली.

"बाबा, ती म्हणते, आजोबा एअरपोर्टच्या अनाउन्समेंटसारखे बोलतात," मुलगा हसत म्हणाला. मला हसू आलं नाही. नात आपल्याला परकं समजूनच मोठी होणार, या भीतीने मनात घर केलं.

रत्नागिरीचे हमीदभाई तरुणपणी जहाजावर होते. जहाज बिघडल्याने चिलीच्या वालपराईसो बंदरात काही महिने अडकले आणि तिथली बोली नुसत्या कानांनी शिकले. माझं स्पॅनिश ऐकून त्यांनी माझी वही मिटली. "खलास, साहेब. तीन महिने ओन्ली लिसनिंग. टाइल वाजवून तडा ओळखता ना? कान तयार आहेत तुमचे, जीभच जास्त शिकलीय."

शुक्रवारी नमाजानंतर वर्कशॉप शांत असे. हमीदभाई वालपराईसोतल्या जुन्या स्नेह्यांचे व्हॉइस मेसेज लावत आणि मला डोळे मिटायला सांगत. ती माणसं शब्दाअखेरचा 'स' म्हणत नाहीत, श्वासाबरोबर सोडून देतात. दोन स्वरांमधला 'द' विरून जातो आणि वाक्य गुणगुणल्यासारखं वर चढतं. एसीच्या घरघरीत मला बाहेरच्या रणरणत्या रस्त्याऐवजी समुद्राकडे उतरणारी पायऱ्यांची गल्ली दिसू लागे. पुष्कळदा डोळा लागे. हमीदभाई कधी उठवत नसत, मेसेज तेवढा पुन्हा पहिल्यापासून लावत.

एका रमजानात मी हाय खाल्ली आणि शिकणं सोडलं. रोजा असूनही ते गाडी चालवत माझ्या घरी आले आणि कोरड्या घशाने तासभर माझ्याशी फक्त स्पॅनिश बोलले. निघताना एवढंच म्हणाले, "पोरगी वाट बघेल. इन्शाल्ला, जमेल." त्या दिवशी मला माझीच लाज वाटली.

या हिवाळ्यात एमिलिया आमच्याकडे आली. एका दुपारी शेजारी लोळत तिने मला आपलं स्वप्न सांगितलं. मला निम्मंच कळलं. मग तिने विचारलं, "आणि तुम्हाला काय दिसलं?" मी डोळे मिटून सांगत गेलो, 'स' श्वासात सोडत. ती लपली नाही. माझ्या पोटावर पाय टाकून ऐकता ऐकता झोपली.

हमीदभाई, आज तुमच्या पंच्याहत्तरीला आम्ही सारे तुम्हाला निरोगी दीर्घायुष्य चिंततो. माझ्या शुभेच्छेत मात्र स्वार्थ आहे. एमिलिया आता भराभर बोलते, आणि मला अजून तिचं निम्मं स्वप्न कळायचं आहे. तेव्हा शंभरी गाठाच.