एकतीस नंबरची वामकुक्षी

व्हर्लिन टॅकेट सापाला भीत नव्हता. शाळेच्या बॉयलरखाली दरसाल एखादं धूड निघायचं, ते फावड्याच्या दांड्यावर उचलून तो ओढ्यापलीकडं टाकून यायचा. बायकोला नवऱ्यानं जेवढं भ्यावं तेवढंच भ्यायचा. पण ऑफिसामागच्या कोनाड्यात भिंतीला एक तपकिरी पेटी ठोकलेली होती, तिच्यापुढं उभं राहिलं की त्या साडेसहा फुटी गड्याच्या तळहाताला घाम सुटायचा.

पेटी म्हणजे शाळेचं मुख्य घड्याळ. वर्गावर्गातली सगळी घड्याळं हिची गुलाम, ही म्हणेल तेवढे वाजणार. घंटा हिच्याच पोटातनं निघायची. हेडमास्तर माइकात बोलले की तो आवाज कुठल्या खोलीत जाईल आणि कुठल्या नाही, तेही हीच ठरवायची. समोर टेलिफोनसारखी बटणं, वर बोटभर काच आणि काचेत लाल आकडे. हिला सांगायचं ते आकड्यांत सांगायचं. दुसरी भाषा तिला कळत नव्हती.

ओक्लाहोमातल्या बेल्वा गावातली ही गोष्ट, खिशाखिशात फोन यायच्या आधीची. व्हर्लिन तिथल्या शाळेचा झाडूवाला. झाडू, पंप, बॉयलर, तुंबलेली मोरी, फुटकी काच, सगळं त्याच्याकडं. पेटीचं तेवढं म्हातारा हार्लन बघायचा. हार्लन पेन्शन घेऊन तळ्यावर मासे धरायला गेला, तेव्हा हेडमास्तर गार्लंड प्रुइटनं एकशे चाळीस पानांचं माहितीपुस्तक व्हर्लिनच्या छातीवर टेकवलं आणि म्हणाला, “पंपात हात चालतो तुझा, हितंबी चालंल.”

व्हर्लिननं शाळा नववीत सोडलेली. पुस्तक वाचताना बोट ओळीवर ठेवून वाचायचा. त्यानं एक वही केली. कुठलं बटण कशासाठी दाबलं ते आधी शिसपेन्सिलीनं लिहायचं, मग दाबायचं. लिहिल्याबिगर बोट लावायचं नाही, हा त्याचा नेम.

तरी पहिल्याच वर्षी घोळ झाला. एप्रिलात सगळा मुलूख घड्याळं तासभर पुढं करतो. व्हर्लिननं रविवारी चर्च सुटल्यावर येऊन पेटीला तासभर पुढं केलं. पण पेटी शहाणी, तिनं आपल्या आपण आधीच एक तास पुढं केलेला होता. सोमवारी पोरांना साडेदहाला जेवायला बसवलं आणि दोनलाच शाळा सुटली. शाळेची गाडी आली नव्हती, पोरं रस्त्याकडेला टोळासारखी पसरली. पुढं महिनाभर पेंडीच्या दुकानात बसलेली म्हातारी खोडं त्याला बघितलं की विचारायची, “काय रं व्हर्लिन, तुझ्याकडं मंगळवार झाला का अजून?” तो हसून घ्यायचा. पण पेटीचं भेव तेव्हा बसलं ते बसलं. एक बटण चुकलं की सहाशे लेकरं रस्त्यावर येतात, एवढं त्याला कळलं.

त्याच साली सप्टेंबरात ट्वायलाबाई त्याच्याकडं आली. ट्वायला हॉज ही बालवर्गाची बाई. शाळेत जागा पुरेना म्हणून तिचा वर्ग चाकांवर ओढून आणलेल्या पत्र्याच्या खोलीत भरायचा. खोली मैदानाच्या पार कडेला, विटांच्या थरांवर टेकवलेली. नंबर एकतीस. सतरा पोरं, सगळी पाच वर्षांची. दुपारी जेवण झालं की बाई पडदे ओढायची, खिडकीतला थंड हवेचा डबा चालू करायची आणि पोरांना जोडे काढून चटयांवर निजवायची. पोरं कुठं डोळा लावतात तोवर एक वाजून पाचला वरच्या वर्गांची घंटा कोकलायची. पोरं दचकून उठायची, रडायची. एक तर चटईच ओली करायचं.

“तेवढी माझ्या खोलीची घंटा दुपारपुरती गप कर की, व्हर्लिन,” बाई म्हणाली. हातात पीच घालून भाजलेला कॉबलर, अजून वाफ निघत होती.

व्हर्लिननं तीन दिवस पुस्तक चाळलं. खोलीला ठरल्या वेळेत गप बसवता येत होतं. वहीत लिहिलं: खोली ३१, पाऊण ते दोन, गप. मग दाबलं. दुसऱ्या दिवशी पोरं पोटभर झोपली आणि ट्वायलाबाई सगळ्या गावाला सांगत सुटली की व्हर्लिनसारखा देवमाणूस नाही.

त्याच कामात त्याच्या बोटाखालनं पान चौऱ्याण्णव गेलं होतं. गप ठेवलेल्या खोलीत धोक्याची घंटा घुसायची असेल तर आणखी एक आकडा वेगळा द्यावा लागतो, असं काहीसं. ओळ अवघड होती. हार्लन म्हणायचा की धोक्याची घंटा समद्यांच्या वर असते, तिला कुणी अडवत नाही. व्हर्लिननं वहीत लिहिलं: पान ९४, मग बघू. आणि कॉबलर खाल्ला.

दर महिन्याच्या पहिल्या मंगळवारी सकाळी दहाला चक्रीवादळाचा सराव व्हायचा. प्रुइट लाल बटण दाबायचा, पोरं वर्गातनं निघून आतल्या बिनखिडकीच्या बोळात यायची, भिंतीकडं तोंड करून गुडघ्यांवर बसायची आणि दोन्ही हात मानेवर घ्यायची. मागचं दार धरून उभं राहायचं काम व्हर्लिनचं, कारण एकतीस नंबरची पोरं मैदान ओलांडून त्या दारानं आत येत. बाईपाशी गाठी मारलेला एक दोर होता, एकेका गाठीला एकेक पोर. घंटा झाल्यावर मिनिटभरात दोर दारात हजर. आठ महिने एकदा चुकलं नाही.

मे महिन्यात, एका गुरुवारी, सकाळपासून अंगाला सदरा चिकटत होता. बाराच्या सुमाराला दक्षिणेचा वारा पडला. गुरं कुंपणाच्या एकाच कोपऱ्यात गोळा झाली. जेवणानंतर नैऋत्येला आभाळ हिरवं झालं, साचलेल्या डबक्यावर शेवाळ धरावं तसं. बेल्व्यात जन्मलेल्याला तो रंग कुणी शिकवावा लागत नाही. ऑफिसातली जोलीन रेडिओला कान लावून बसली होती. तिनं हात वर केला आणि प्रुइटनं लाल बटण दाबलं.

घंटा बोळाबोळातनं किंचाळत गेली. मागनं प्रुइटचा आवाज आला, सराव नव्हे, सराव नव्हे, वादळाची सोंड उतरली आहे, सगळ्यांनी बोळात या. सहाशे पोरं हां हां म्हणता भिंतीला लागली. कुणी ओरडलं नाही. व्हर्लिन मागच्या दारावर गेला आणि दार धरून उभा राहिला.

दोर आला नाही.

मैदानापलीकडं पत्र्याची खोली दिसत होती. पडदे ओढलेले, दार बंद. खिडकीतल्या डब्यातनं पाणी ठिबकत होतं. पहिली गार पायरीवर पडली, लिंबाएवढी, आणि उसळी घेऊन नाचली. बाई आता निघेल, आता निघेल, असं तो मनाशी म्हणत होता. मग त्यानं मान वळवून बोळातल्या घड्याळाकडं बघितलं. एक वाजून अठरा मिनिटं.

पाऊण ते दोन. गप.

पान चौऱ्याण्णव, मग बघू, त्याच्याच हातची शिसपेन्सिल डोळ्यांपुढं आली. आणि ह्या गड्यानं काय करावं? तो मैदानाकडं धावला नाही, पेटीकडं धावला. आठ महिन्यांची चूक आठ बटणांत पुसता येईल असं त्याला वाटलं असणार. पेटी उघडायचा चार आकड्यांचा परवलीचा नंबर त्याच्याच लग्नाचं साल होतं, आणि ते साल त्याला आठवेना. एकदा दाबलं, लाल आकडे लुकलुकून विझले. पुन्हा दाबलं, पुन्हा विझले. बोटं घामानं बटणांवरनं घसरत होती.

दारात जोलीन येऊन उभी राहिली होती. “व्हर्लिन, काय करतुयास?” ती म्हणाली. “ट्वायलाची पोरं कुटं हायती?”

तेव्हा तो हलला. बोळातनं, वाकलेल्या पोरांच्या पाठींमधनं, मागच्या दारानं बाहेर. मैदान साठ पावलांचं, पण त्या दिवशी संपेना. गारा टकुऱ्यावर, खांद्यावर, कानशिलावर. हवेत मातीचा आणि उपटलेल्या गवताचा वास. लांबवर मालगाडी जावी तसा घरघराट होता, आणि बेल्व्याहून मालगाडी जात नाही.

त्यानं दार ढकललं. आत थंड, अंधारं, झोपेचा उबट वास. सतरा पोरं चटयांवर पसरलेली. हवेचा डबा असा गुरगुरत होता की पत्र्यावरच्या गारा कुणी लांबवर तांदूळ पाखडावेत तशा वाटत होत्या. ट्वायलाबाई टीचभर खुर्चीवर बसून रंगीत कागदाची फुलं कातरत होती. त्याला बघून तिनं ओठांवर बोट ठेवलं.

“श्श,” ती म्हणाली. “आत्ता कुठं निजलीत.”

उघड्या दारातनं शाळेकडनं प्रुइटचा आवाज बारीक ऐकू येत होता, दारापाशी कुणी थांबू नका म्हणून. व्हर्लिनच्या डोक्यावर, भिंतीत, खोलीचा स्पीकर होता. तो मुका. त्यातनं साधी खरखरसुद्धा नाही.

“उठवा समद्यास्नी,” व्हर्लिन म्हणाला. “सोंड उतरलीया.”

बाईनं कात्री टाकली. तिचा चेहरा कागदासारखा झाला, पण हात थांबले नाहीत. पोरं झोपेतली, अंगानं पिठाच्या गोळ्यासारखी. कुणी दोर धरला, कुणाला धरताच येईना. जोडे शोधायला वेळ नव्हता. दोघं व्हर्लिनच्या काखेत, एक पाठीवर, बाईच्या कडेवर एक, बाकीची दोराला. बाहेर गारांवरनं अनवाणी पाय पडले तशी पोरं रडायला लागली. पाठीवरच्या पोरीनं त्याच्या कानाला धरून विचारलं, “व्हर्लिनकाका, घंटा झाली व्हय?”

त्यानं तिला पाठीवर वर सरकवलं आणि पाय उचलला.

पश्चिमेकडं बघायचं नाही असं ठरवूनही त्यानं बघितलं. आभाळातनं राखी सोंड लोंबत होती आणि तिच्या बुडाशी धुळीचा घोळ फिरत होता. ती हलताना दिसत नव्हती. जी हलताना दिसत नाही ती आपल्याकडंच येत असते, हे बेल्व्यात पाळण्यातल्या पोरालाही ठाऊक. मैदानाच्या मधोमध एक पोर घसरलं, दोर ताणला, सगळी थांबली. बाईनं त्याला बखोटीला धरून उचललं. दारात प्रुइट आणि जोलीन हात पुढं करून उभी होती, एकेक पोर आत ओढून घेत होती. बाई मोजत होती. चौदा, पंधरा, सोळा, सतरा. व्हर्लिननं दार लावून पाठ टेकवली आणि तिथंच खाली बसला.

वीस मिनिटं सगळी शाळा मानेवर हात घेऊन बसली. भिंती कण्हत होत्या. वरचे दिवे गेले, आले, पुन्हा गेले. व्हर्लिनचे दात वाजत होते आणि ते त्याला आवरता येत नव्हते. शेजारच्या अनवाणी पोरानं आपला एक हात मानेवरनं काढून त्याच्या गुडघ्यावर ठेवला. बाईनं तो हात उचलून पुन्हा मानेवर नेला.

सोंड शेवटाला उत्तरेकडं वळली. गावापासून दोन मैलांवर एक गवताचं कोठार उचलून घेऊन गेली. शाळेचं एक कौलसुद्धा गेलं नाही. पत्र्याची खोली होती तशीच विटांवर. दार उघडं, चटयांवर गारा वितळलेल्या, आणि वीज परत आल्याबरोबर हवेचा डबा पुन्हा गुरगुरायला लागलेला.

प्रुइटनं बोळात सगळ्यांदेखत व्हर्लिनचा खांदा धरला. गारांत धावला, पोरं आणली, असं काहीतरी बोलायला लागला. व्हर्लिननं त्याला थांबवलं.

“खोलीत घंटा झालीच न्हाय,” तो म्हणाला. “दुपारची म्याच गप केली हुती.”

“कधीपास्नं?”

“सप्टेंबर.”

प्रुइटनं चष्मा काढला, पुसला नाही, नुसता हातात धरला. आठ महिने दर पहिल्या मंगळवारी तो स्वतः बटण दाबत आला होता. “दर वेळी सकाळी दहाला,” तो सावकाश म्हणाला. “दुपारी मी एकदाबी दाबलं न्हाय.”

ट्वायलाबाई भिंतीला टेकून उभी होती. “मागितलं मीच होतं,” ती म्हणाली. “कॉबलर देऊन.” मग ती आपल्या पोरांचे पाय पुसायला गेली.

व्हर्लिननं शहरातल्या पेटीवाल्याला फोन केला. तो म्हणाला, सोपं आहे, पान चौऱ्याण्णववरचा आकडा टाका, पोरांची झोपही राहील आणि धोक्याची घंटाही वाजेल. व्हर्लिननं आकडा वहीत उतरवून घेतला. टाकला मात्र नाही. पेटीवर एवढा भरवसा टाकायची छाती त्याच्यात उरली नव्हती. त्यानं पाऊण ते दोन पुसून टाकलं, आणि बाईनंही पुन्हा घंटा गप करायचं नाव काढलं नाही; पोरं पहिल्यासारखी एक वाजून पाचच्या घंटेला रडत उठायला लागली. प्रुइटनं सरावाची वेळ बदलली, कधी दहाला, कधी दुपारी सव्वा वाजता, कधी पोरं तोंडात घास धरून बसलेली असताना.

पुढं अकरा वर्षं व्हर्लिन नोकरीत होता. तळहाताचा घाम काही गेला नाही. त्याच्या जागी आलेला लॅनी बीसन कॉम्प्युटर शिकून आलेला, पेटी बघून तो हसलाच. व्हर्लिननं किल्ल्या दिल्या, पुस्तक दिलं, वही दिली. लॅनीनं शेवटचं पान वाचलं आणि वर बघितलं. तिथं लिहिलं होतं: रोज १.०५ ला एकतीसच्या पायरीपाशी जाणे. रडणं ऐकू आलं की परत.

“हे काय आणि, व्हर्लिनदादा?”

व्हर्लिननं घड्याळाकडं बघितलं. एक वाजून तीन मिनिटं झाली होती. त्यानं कोपऱ्यातला झाडू उचलून लॅनीच्या हातात दिला.

“चल,” तो म्हणाला. “जाऊन उभा ऱ्हा.”